आकडा झाला नाही तर

चष्म्याच्या दुकानातल्या बाकावर माझ्या शेजारी एक आई आणि लॅपटॉप उघडलेला तिचा मुलगा बसले होते. दुकानाचा नवा प्रोग्रॅम त्याला आजच चालू करून द्यायचा होता.

"आई, वयाच्या जागी तुझ्यासारखं कुणी 'साठीच्या आसपास' लिहिलं तर?"

"खोटं आहे का ते?"

"अगं, ती अक्षरं आहेत. त्यांचा आकडा होईलच असं नाही. झाला नाही तर काय करायचं, हे आधी सांगितल्याशिवाय प्रोग्रॅमची ही भाषा पुढे सरकतच नाही."

"मग शून्य धर."

"तान्ह्या बाळाला वाचायचा चष्मा?"

"भाषा गुणी आहे रे. तुझे बाबा माझ्या 'बघू'चं परस्पर 'हो' करून टाकतात."

"मी लिहितो, 'पुन्हा विचारा.'"

"आणि सांगणारं माणूसच नसलं तर?"

"थांब, ते राहिलंच."

काउंटरवरून हाक आली, "ताई, वडिलांचा चष्मा तयार आहे. ते नाही आले?"

"माझ्याकडे द्या," मी म्हणाले. चष्मा करायला टाकल्यावर चारच दिवसांत ते वारले होते.