नवरदेव कोणाच्या जीपमध्ये?

...नाही नाही, मी जळत नाही! आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर म्हणाल हेमकांत साडूवर जळतो. मी कशाला जळू? माझ्या जीपचं इंजिन बसलं आणि त्याच महिन्यात आमच्या नवनीतरावांनी त्यांच्या जीपमध्ये नवंकोरं इंजिन टाकलं, आता यात जळण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा! स्टेटस ठेवलं त्याने. बॉनेट उघडं, इंजिनाला झेंडूचा हार, शेजारी स्वतः गॉगल लावून उभा. आता इंजिन बघायला गॉगल कशाला लागतो? डोळे दिपतात की काय? मी ते स्टेटस मुद्दाम पाहिलं नाही हो... दिसलं. चार-पाचदा दिसलं.

बरं, नुसतं इंजिन बसलं असतं तरी चाललं असतं, मी रनाळ्याहून नंदुरबारला एसटीने गेलो असतो. पण आमच्या शालकाचं, गोकुळचं लग्न जमलं! आणि आमचे सासरे नथ्थूआबा, त्यांनी भर बैठकीत, पन्नास माणसांत जाहीर केलं, "दोन्ही जावयांकडे उघडी जीप शे. लगीनना दिवशी जेन्ही जीप पहिले दारमा येई, नवरदेव तेन्ही जीपमा बठी!" झालं! थोरला जावई कोण? मी. अहेराला पहिलं बोलावणं कोणाला? मला. आणि नवरदेव बसणार धाकट्याच्या जीपमध्ये? मग मी काय वऱ्हाडाच्या टेम्पोत, कढईला धरून बसू?

ही आमची ममता, सख्खी बायको, म्हणते काय, "अहो, जाऊ ना आपणही नवनीतरावांच्या गाडीत, जागा आहे." जागा आहे! अगं, जागा आहे म्हणून माणूस कुठेही बसतो का? मी जळत नाही, पण काही मानपान आहे की नाही?

गेलो नंदुरबारला, नजीर मिस्त्रीकडे. नजीरला जीप दाखवली की आधी तो चहा मागवतो, मग गेल्या वर्षी कोणाची गाडी घाटात कशी पलटली ते सांगतो, मग चहा येतो, मग दुसऱ्याची गाडी पलटते, आणि शेवटी तो बॉनेट उघडतो. उघडलं, बघितलं, लगेच बंद केलं. "हेमकांतभाऊ, इंजन खलास. अब ऐसीच दुसरी जीप ढूंढो. बॉडी मरी हुई, इंजन जिंदा. उसका निकालेंगे, इसमें डालेंगे. डोनर बोलते उसको." डोनर! म्हणजे आपली गाडी धावावी म्हणून दुसऱ्या कोणाच्या गाडीचं वाटोळं झालेलं असायला हवं.

आणि तुम्हाला सांगतो, हे एकदा डोक्यात शिरलं ना, माणूस बिघडतो! रस्त्याने धडधाकट जीप दिसली की मला वाईट वाटायला लागलं. काय हे, एक ओरखडा नाही? तळोद्याला कोणाची तरी गाडी ठोकली असं कळलं, तर बिस्किटाचे पुडे घेऊन भेटायला गेलो. बिचाऱ्याच्या पायाला प्लास्टर, त्याची आई रडतेय, आणि मी विचारतोय, "पण इंजिनाला तर काही झालं नाही ना?" म्हातारीने पुडे परत हातात दिले. शहाद्याजवळ एक भंगारातली जीप मिळाली, तर तिच्यात कोंबडी अंडी घालून बसलेली आणि मालक म्हणतो, "पिल्लं निघाल्यावर या." तोवर आमच्या गोकुळला पिल्लं झाली असती!

मग खबर आली धडगावहून. रायसिंग पावरा, काळीपिवळी चालवायचा, त्याने एक जुनी जीप घेतली होती. घाटात उभी करून हा उतरला, आणि वाऱ्याने मोहाचं अख्खं झाड जीपवर! माणूस एक नाही दुखावला, जीपची मात्र पोळी. पण इंजिन? शाबूत! मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी देव्हाऱ्यासमोर हात जोडले आणि मग लक्षात आलं की आपण झाड पडल्याबद्दल हात जोडतोय.

घाट चढून गेलो. रायसिंगने बसायला खाट टाकली, पाणी दिलं, आणि सहज म्हणाला, "काल नवनीतभाऊ पण येऊन गेले, ह्या जीपसाठी." नवनीत? इथे? अरे, नवं इंजिन टाकलंस, हार घातलास, गॉगल लावलास, तरी अजून हे पण पाहिजे? मला कळलं सगळं! मला मिळू नये म्हणून! माझं डोकं असं फिरलं की मी म्हटलं, "रायसिंगभाऊ, घेतली! आत्ता, ह्या क्षणाला, घेतली!" तो म्हणतो, "दादा, बॉनेट तर उघडून बघा, हे इंजिन आहे ना, ते..." म्हटलं, "मला माहीत आहे सगळं! नवनीतला फक्त सांगू नका." त्याने चावी हातात ठेवली. चांगला माणूस, चेहऱ्यावर हसू होतं, मला वाटलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून हसतोय.

टेम्पोत घालून आणली. नजीरने इंजिन काढलं, डिझेलने धुतलं, वरच्या झाकणावरची काळी साय उतरली... आणि नजीर हसायला लागला. असा हसला की बाजूच्या गॅरेजातली पोरं हातातले पाने टाकून आली. झाकणावर नाव कोरलेलं! आपल्याकडे लग्नातल्या ताटवाटीवर टाकतात ना दुकानातून मशीनने, तसं, वेलबुट्टीसकट: 'श्री. नवनीतराव, शहादा.' अहो, हा माणूस बादलीवर नाव टाकतो, पंख्यावर टाकतो, इंजिनालाही सोडलं नाही! चालतं इंजिन निव्वळ हौसेपायी काढून त्याने हेच रायसिंगला दिलं होतं. आणि तो धडगावला जीप विकत घ्यायला गेलाच नव्हता... झाड पडलं म्हणून समाचाराला गेला होता!

मी म्हटलं, "नजीर, काढून टाक, मी टेम्पोत बसतो." नजीर म्हणाला, "भाऊ, इंजन एक नंबर है. नाम से पिस्टन नहीं चलता." आणि लग्न दारात! मी जळत नाही, पण नजीरला म्हटलं, बसव, मी तिकडे तोंड करून उभा राहतो. बसवलं. झाकणाला काळा रंग फासला, दोन हात.

लग्नाच्या दिवशी पहिल्या सेल्फला सुरू! काय आवाज! आबांच्या दारात मी पहिला! गोकुळ माझ्या जीपमध्ये बसला, मागून नवनीतची जीप... आणि निम्म्या वाटेवर नवं इंजिन तापलं. वैशाखाचं ऊन, बॉनेटमधून वाफ! मी जळत नाही, पण मी गाडी जरा हळू केली, नीट बघता यावं म्हणून. थोरलेपणाने म्हटलं, "या नवनीतराव, या माझ्या जीपमध्ये."

तो आला. गॉगल काढला, पुसला, परत लावला. पुढच्या सीटवर बसला, कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला, आणि माझ्याकडे बघून इतकं प्रेमाने हसला, इतकं प्रेमाने... रायसिंगने सांगितलं होतं सगळं! मांडवाशी पोचलो तर मुलीकडचे सगळे जीपभोवती. "काय भारी धावस हो ही जीप!" आणि हा उभा राहतो, बॉनेटवर थाप मारतो आणि आयाबायांना, पोरासोरांना हात करून बोलावतो, "या, बठा बठा, फोटो काढा, लाजू नका... आपलीच शे!"

खोटं तरी कसं म्हणू? आबा त्याच्या पाठीवर थाप मारताहेत, ममता कौतुकाने बघतेय, बँडवाले त्याच्याभोवती नाचताहेत. मी आपला स्टिअरिंगवर बसून जोरात हॉर्न वाजवला. तेवढा तरी माझा आहे!