बदकासाठी लाल खूण

डेल्मर : शिडी नीट धर, चीफ! मी पडलो तर विमानाच्या नाकावरच्या या बदकाचा बूट अर्धाच राहील.

लोवेल : तू पडलास तर दुसरा रंगारी मिळेल. विमानाला ओरखडा आला, तर मात्र तुला तिनियन बेटाच्या समुद्रात बुचकळून काढीन.

डेल्मर : तुझ्या सासऱ्यानं आंदण दिलंय का विमान?

लोवेल : माझंच आहे ते! एकूण एक नट मी आवळतो. उडवणारे उसनं नेतात. देतो तसं परत आणायचं, एवढंच माझं म्हणणं. आज आणलं की नाही? चारही इंजिनं कशी लोण्यासारखी! चल, चोचीखाली आजच्या मोहिमेची खूण म्हणून एक बॉम्ब काढ. लाल.

डेल्मर : लाल? आधीचे सगळे काळे काढलेत मी.

लोवेल : ते साधे. आज हिरोशिमावर पडला तो वेगळा. एका बॉम्बनं अख्खं शहर गेलं म्हणतात!

डेल्मर : पण टाकला पुढच्या विमानानं. आपलं बदक कॅमेरे घेऊन मागून गेलेलं. जो टाकेल त्याला खूण, हा नियम तूच मला शिकवलास.

लोवेल : लग्नात काय नवरदेव एकटाच जेवतो? वऱ्हाडालाही पंगत असते.

डेल्मर : पंगत असते, पण वऱ्हाडाच्या गळ्यात कुणी वरमाला घालत नाही.

लोवेल : अरे, आल्यापासून शेजारच्या तळावरची पोरं आपल्याला टोमणे मारतायत. 'एकेक बॉम्ब घेऊन सहलीला जाता, लढतो आम्ही!' आपल्या छपरावर दगडसुद्धा टाकतात मेले. उद्या त्यांना मुद्दाम इथून फिरवणार आहे मी. तेव्हा ही खूण हवी म्हणजे हवी.

डेल्मर : विमानातून गेलेल्या कुणी सांगितलं तर काढतो. तू जमिनीवरचा.

लोवेल : घे, एमेटच आला! आमचा शेपटीतला गनर. निघताना यानंच बजावलं होतं, 'चीफ, लाल रंग कालवून ठेव.' काय रे एमेट, तिकडे बिअर वाटतायत आणि तू इथे?

एमेट : दोन घेतल्या. चढल्या नाहीत.

डेल्मर : तुला? तू तर बाटलीचं झाकण हुंगून गायला लागतोस!

लोवेल : ते राहू दे. याला सांग, लाल काढू ना?

एमेट : नको.

लोवेल : अरे! निघताना तूच म्हणालास ना?

एमेट : निघताना मला माहीत नव्हतं.

डेल्मर : एवढं दिसलं तरी काय? बाकीचे तर हसत उतरले.

एमेट : बाकीच्यांची तोंडं घराकडे होती. विमान वळलं, की त्यांच्या मागे पडलं सगळं. माझी खुर्ची उलटी. येताना सगळा वेळ मी तेच बघत आलो. तो ढग जाईचना रे. खाली समुद्र लागला, तरी होता. कॉफी प्यायलो, तरी होता. आधी नद्या दिसल्या होत्या, चीफ. त्यांच्यावरचे पूल दिसले होते. सुंदर गाव आहे, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

लोवेल : मग?

एमेट : मग नुसती खदखदणारी कढई. खाली माणसं होती.

लोवेल : झोप झाली नाही तुझी, लेका.

एमेट : नसेल झाली.

(लोवेल शिडी दोन्ही हातांनी धरतो.)

लोवेल : डेल्मर, उतर खाली.

डेल्मर : आणि हा कालवलेला रंग?

लोवेल : ओतून दे वाळूत. नको, थांब, वाळूत नको. झाकण लावून ठेव.

डेल्मर : उद्या ती पोरं आली तर त्यांना काय दाखवणार?

लोवेल : बदक दाखवू. बूट बरे जमलेत तुला.

एमेट : चीफ, विमान तपासलंस ना? ओरखडा वगैरे?

लोवेल : एकही नाही. दिलं तसं परत आणलंत.

एमेट : हो. विमान आणलं.