आंब्यावरची रास्ना

माहेर माझं भोकरदनच्या वरच्या अंगाला, सालई-मोहाच्या रानात. बाप डिंक गोळा करायचा न त्याच्या मागं हिंडून हिंडून मी झाडावर चढायला शिकले. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं हाय. बाप सालीवर हात फिरवून म्हणायचा, सालईची साल पापुद्र्यानं गळते, तिच्यावर रास्नेच्या, म्हणजे झाडाच्या अंगावर वाढणाऱ्या त्या फुलवेलीच्या, मुळ्या टिकत न्हाईत; आंबा न मोह खरबरीत, ते तिला धरून ठेवतात. ती बसते फक्त, झाडाचं काही घेत न्हाई, दवावर न पावसावर जगते. खातं ते बांडगूळ, ते फांदीच्या आत शिरतं.

लग्न होऊन हसनाबादकडं आले तर बांधावरचा आंबा दोन सालं मोहरला नव्हता. मामंजी, म्हणजे सासरे, म्हणले, वर उगवलंय त्या हिरव्यानं खाल्ला, जालन्याच्या जिनिंगला लाकूड पुरवणाऱ्याला देऊन टाकू. मी पदर सावरून म्हणले, मामंजी, खालच्या फांद्यांवर बसलीय ती रास्ना, तिचा कसूर न्हाई. शेंड्याला बांडगूळ हाय ते तोडा न एक साल थांबा. सासूबाई म्हणल्या, सून आणली का वैदू आणला. पण मामंजी थांबले. शेंड्यापर्यंत कोणी गडी चढेना, तर मीच कासोटा घालून चढले न बांडगुळाच्या गाठीखाली हातभर सोडून फांद्या छाटल्या. बाया हसल्या, हसू दिलं.

मंग मी बाळंतपणाला माहेरी गेल्ते. परत आले तर काय सांगू तुम्हाला, धाकट्या भावजींनी, वैनीचं काम अर्धं राह्यलं म्हणून, एका मोठ्या फांदीची रास्ना विळ्यानं खरवडून काढल्ती, सालीसकट, गोल फेरी मारून, न ती फांदी वाळून राह्यली होती. मामंजी म्हणले, बघ, समदं काढलं तरी गेलाच, उद्या लाकूडवाला येतो.

शेजारच्या फांदीवर भावजींचा विळा पोचला नव्हता. तिथली रास्ना मी सगळ्यांसमोर अलगद सोडवली. खाली साल बिलकुल साबूत. मी म्हणले, आता बराबर बघा, ह्या फांदीला काय झालंय न त्या फांदीला काय; ती साल गेल्यानं वाळली, बाकीचा आंबा माघात मोहरतोच. मंग तीच रास्ना अंबाडीच्या सुतळीनं पुन्हा झाडाला बांधली. भावजी म्हणले, वैनी, हरलात तर? मी म्हणले, तर कुऱ्हाडीला धार मीच लावून देते, न पुन्हा ह्या घरात झाडाबद्दल तोंड उघडणार न्हाई.

लाकूडवाला रिकामा गेला. माघात आंबा मोहरला, वाळकी फांदी सोडून सगळा. आमच्या घरात पहिलं फळ देवाला, मंग पुरुषांना, सुनेचा नंबर शेवटी. त्या साली मामंजींनी पाडाचे पाच आंबे चुलीपाशी माझ्यासमोर ठेवले, म्हणले, सूनबाई, आधी तू खाऊन सांग, गोड हायेत का. सासूबाई उभ्या होत्या, त्यांनी विळी माझ्यापुढं सारली.

आता मामंजी न्हाईत. माझे गुडघे चढू देत न्हाईत, सून चढते. मी खालून सांगत राहते न ती ऐकत न्हाई, तिला तिचं कळतं. देव तिला उदंड देवो.