बालवाडी तपासणारा बाप

...आणि वर मलाच विचारतात, ‘एवढं काय त्यात, बालवाडीच तर आहे!’ बालवाडीच तर आहे? अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या विभागात सरकारी बालवाड्या अकरा. त्यातली एक निवडायची, तीही शुक्रवारच्या आत. त्यात शिक्षण कार्यालयाला यंदा काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी सगळ्या बालवाड्यांचा निकालच लावलाय! भाषेत कोण कितवी, आकड्यांत कोण कितवी, शिस्तीत कोण कितवी. जी भाषेत पहिली ती शिस्तीत नववी, आणि जी शिस्तीत पहिली ती भाषेत पार तळाला. आता बापाने करायचं काय? जेवताना तेच, आंघोळीला तेच. बायको म्हणाली, “अहो, भाजीत साखर घातलीत, मीठ समजून.” मीठ-साखर काय घेऊन बसलीस? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!

कारण आमची पोर बोलत नाही हो. साडेतीन वर्षांची झाली, पण माझ्यासमोर तिचे शब्द किती? हो, नाही, पाणी. संपला शब्दकोश! बायको म्हणते, “बोलते की! तुम्ही घरात नसताना नुसती टकळी चालू असते.” आता आईचं काय ऐकायचं... आपला तो बाब्या! मेहुणा म्हणाला, “दाजी, आमचाही उशिराच बोलायला लागला.” हो, आणि आता तो गप्प बसावा म्हणून सगळं खानदान देव पाण्यात घालून बसलंय. पण खरं सांगू? मला भीती वाटते. वर्गात हिला कोणी ढकललं, शू लागली, पोटात दुखलं, तर ही सांगणार कोणाला आणि कशी?

म्हणून म्हटलं, त्या निकालावर जायचं नाही, स्वतः तपासायचं. तपासणं हा तर माझा धंदा! परवाना कार्यालयात गाडी चालवण्याची परीक्षा घेतो मी. उमेदवार गाडी चालवतो, मी शेजारी बसतो. आमचा नियम एकच, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. हसलात की त्याला वाटतं पास झालो, आणि लगेच गाडी फुटपाथवर! तेव्हा तोंड असं ठेवायचं... असं. बघा. तुम्ही का गप्प झालात?

तर रजा टाकली, पोरीला घेतलं, भाषेत पहिल्या नंबरची बालवाडी गाठली. बाई म्हणाल्या, “या ना, बसा, मुलं गाणं म्हणतायत.” मी कोपऱ्यात बसलो. मांडीवर पॅड, हातात पेन, तोंड... असं. आणि काय सांगू, गाणं बंद! एक मुलगा तोंड उघडं ठेवून बघतोय, एक मुलगी टेबलाखाली गेली, बाई स्वतःच दुसरी ओळ विसरल्या! म्हटलं, ही भाषेत पहिली? सरळ लिहिलं, ‘मुलं दबलेली. आकडे फुगवलेले.’ दुसरीकडे गेलो, तिथे मी बसतोय न बसतोय तोच पुढच्या रांगेतल्या एकाने भोकाड पसरलं. मग काय, साथच आली, अख्खा वर्ग रडतोय! तिसरीकडे आपली सगळी हाताची घडी घालून चिडीचूप. चौथीकडच्या बाई तर घाईघाईने म्हणाल्या, “आमचं अग्निशामक नळकांडं नवीन आहे हं!” मी विचारलंही नव्हतं! अशा दहा बालवाड्या पालथ्या घातल्या. मी हादरलोच. सगळा विभागच सडलेला! एका बालवाडीत म्हणून हसतं-बोलतं पोर नाही! मेहुण्याला फोन केला, तो म्हणाला, “दाजी, जरा सबुरीनं घ्या.” सबुरीनं? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!

राहिली होती ती टपाल कचेरीच्या मागची. एकूण निकालात शेवटून दुसरी. दाराला रंग नाही, खिडकीची कडी दोरीने बांधलेली. गेलो, बसलो, तोंड... हेच. तिथेही शांतता. पोर माझ्या पायाला चिकटून उभी. संपलं म्हटलं, आता हिला घरीच ठेवायची जन्मभर! तेवढ्यात बायकोचा फोन. वर्गात कसं बोलणार, म्हणून पोरीला म्हटलं, “बस इथे, आलोच,” तिला माझ्या खुर्चीवर ठेवलं आणि व्हरांड्यात आलो.

“कसं आहे तिथलं?” बायको विचारते. म्हटलं, “काय सांगू, ही पण तसलीच...” आणि मागे एकदम कल्ला! हसणं, किंचाळणं, भुर्रर्र, पॉंऽ पॉंऽ! आणि त्या सगळ्यावर एक खणखणीत आवाज, “गाडी बाजूला घ्या! आरसा कोण बघणार? तुमचे आजोबा? नापास! चला, पुढचा!”

बायको म्हणाली, “अहो, ही आपली ना?”

दोरी बांधलेल्या खिडकीतून डोकावलो. खुर्चीत आमची पोर! मांडीवर माझं पॅड, तोंड... अगदी असं! आणि समोर तळाच्या बालवाडीतली ती सगळी पोरं, ताटल्यांची चाकं धरून रांगेत उभी, नापास व्हायला एकेकाची धडपड! बाईसुद्धा रांगेत! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. म्हटलं, बोलते! माझी पोर बोलते! धावतच आत शिरलो...

आणि सगळं गप्प. चाकं खाली. पोर खुर्चीवरून उतरली, पायाला येऊन चिकटली, आणि म्हणाली, “पाणी.”

तेव्हा कळलं. उशिरा कळलं, पण कळलं. दबलेल्या बालवाड्या नव्हत्या, महाराज. प्रत्येक ठिकाणी मीच गेलो होतो!

तिथेच नाव घातलं. लोक म्हणतात, शेवटून दुसरी का निवडलीत? आता काय सांगायचं? पोरीला फाटकाशी सोडतो आणि मागे न बघता सुटतो, बाईंची तशी विनंतीच आहे. घरी मात्र रोज आरशासमोर हसण्याचा सराव करतो. बायको म्हणते, “पुरे आता, जबडा धरेल.” पुरे कसं? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!

काल धीर केला. तिच्यासमोर जमिनीवर बसलो, ताटली हातात घेतली, भुर्रर्र केलं, आरसा बघितला, हात दाखवून वळलो, आणि जमेल तेवढं हसून विचारलं, “काय मॅडम, झालो का पास?”

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हसू नाही, मान हलवणं नाही. मग जन्मात पहिल्यांदा माझ्याशी एक अख्खं वाक्य बोलली.

“सराव करा, आणि पुढच्या महिन्यात परत या.”

येतो म्हटलं. काय करणार?