उमरठला वाचलेला रिपोर्ट

माझं लग्न जमलं ते लघवीच्या रिपोर्टवर. हसू नका, खरं सांगतोय. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, तेव्हा अमेरिकेच्या कामासाठी त्यांनी आमची नशेची तपासणी केली होती. आईनं तो कागद डिग्रीबरोबर फायलीत जपून ठेवला.

पुढे महाडजवळच्या उमरठला मुलगी बघायला गेलो. मला ती बघताक्षणीच आवडली, पण तिचे वडील काही खुलेनात.

“पोरगा पुण्यात एकटाच ऱ्हातो. नशापाणी काय करत नाय ना?”

आईनं सरळ रिपोर्टच पुढे केला. मी शरमेनं मान खाली घातली.

“इंग्रजीत हाय. वाच गो,” ते मुलीला म्हणाले.

तिनं भर बैठकीत सुरुवात केली, “गांजा नाही. अफू नाही. कोकेन नाही...” आणि तिला हसू आवरेना. मलाही.

वडील मात्र गंभीरच होते. “म्हंजे कंपनीनं तपासून दिलाय! मग ठरलं.”

लगेच ते शेजारी बसलेल्या थोरल्या जावयाकडे वळले. “जावईबापू, ही तपासणी महाडात करतात काय वो?”

जावईबापू मोटरसायकल बघायला म्हणून उठले, ते सुपारी फुटेपर्यंत आत आले नाहीत.