चेनच्या लॉकचं तोंड

— न्हाई बसायची म्हनते ना मी! किती येळा तेच तेच सांगू, वीरधवलदादा? ही तुमी आनल्याली चेन मोटारसायकलची हाय, आनि ही तुमची क्वाड हाय, चार चाकांचं धूड, दोनशे किलोच्या वर वजन, त्यावर मानूस बसनार, चढाला रेस देनार — दिसाय सारखीच दिसती, व्हय, काळी काळी, कड्या कड्या, पन हे बघा, हितं, दातावर ठेवून दावते तुमास्नी — बसली? पयले दोन दात बसले आनि तिसरा वर चढला. कडी लहान, दात मोठा. आता काय हातोड्यानं ठोकू? कुनी दिली ही? मोबाईलवरनं मागवली? फोटो बघून? फोटो बघून चपला मागवाव्यात मानसानं, त्याबी चावत्यात. ठेवा ती पिशवीत परत. ठेवा म्हनते ना.

बसा त्या डब्यावर. पाटावर नगो, तितं ग्रीस हाय, तुमची प्यान्ट पांढरी. शनवार-रविवार तोंडावर आलाय, पठारावर पब्लिक येनार, तुमचा पावन्यांना क्वाडवर फिरवायचा ट्रॅक चालू पायजे — मला काय कळत न्हाई व्हय? आनि चेन घालून देनार न्हाई असं कुटं म्हनले मी? घालते की. पन माझ्या पसंतीची घालीन. ही बघा, ही हिची चेन. हिच्या एकेका सांध्याला बारीक रबराची रिंग हाय, आतलं ग्रीस आत ऱ्हातं आनि पठारावरची तांबडी माती भाईर. साधी चेन त्या मातीत दोन महिन्यांत कुरकुरायला लागती. आनि नुसती चेन न्हाई, म्होरचं आनि मागचं, दोन्ही स्प्रॉकेट, ह्या दातांच्या चक्र्या, नवी. कशापायी म्हनजे? ह्या दातांकडं बघा. सरळ हायेत का? इळ्यागत वाकल्यात सगळे एका अंगाला. नवी चेन असल्या दातांवर घातली की तिबी पावसाळ्याआधी लांबती, मग उडी मारती, मग एक दिस — ऱ्हाऊ द्या. मला तोंड उघडाय लावू नगा.

आमचे फौजी असते ना आता हितं, तुमास्नी रस्त्यावरनंच परत लावलं असतं. साताऱ्याला गेल्यात, डोळ्याचं आपरेशन हाय. बावीस वर्सं फौजेत गाड्याच दुरुस्त केल्या त्यांनी, बर्फात बी आनि वाळूत बी, आनि हितं मेढ्यात गॅरेज टाकलं नि चार वर्सांत नजर गेली. मग काय, ते सांगायचे आनि मी करायची. मी वडूजकडची, आमच्यात मेंढरं व्हती, लगीन हून आले तवा मला सायकलची पडल्याली चेन बसवता येत न्हवती — आनि आता तुमच्यासारखं पँटवालं येऊन म्हनत्यात, मंगलताई, जरा बघा की! व्हय, बघते. बघतेच हाय. पन आयकत कोन?

मागच्या चैतात आयकलं का तुमी माझं? आँ? तोंड कशाला फिरवताय, इचारते त्याचं उत्तर द्या. दुसरी क्वाड व्हती, निळी. चेन लांबल्याली, दात असेच. मी म्हनलं — दादा, आख्खा सेट बदलाय पायजे. तुमी काय म्हनला? “ताई, सीझन निघू द्या, दोन कड्या काडा आनि आवळून द्या.” वर पठारावरच बोलावलंत मला, तंबूच्या मागं, उन्हात, गवतात बसून काम. आनि तुमी डोक्यावर उभं. फोन कानाला आनि मला हातानं खुनवताय — उरका, उरका. पब्लिक थांबलंय, ताई. पब्लिक थांबलंय. पाच मिंटांत तीन येळा म्हनला असाल. मी दोन कड्या तोडल्या, जोडली, आवळली, दिली. आनि अर्ध्या तासानं तुमच्याकडं पावन्यांना फिरवनारा यशराज ती घिऊन खाली उतरला.

थांबा. पाना द्या तो, बाराचा. न्हाई, तो नव्हं, त्याच्या शेजारचा.

तुमी बघितलंच कुटं, तुमी तंबूत व्हता. मी बघितलं. मी पिकअपमदी हत्यारं टाकत व्हते. म्होरं यशराज, मागं पावन्यांच्या चार गाड्या, रांगेत, हळू. हळू म्हनते मी! खालच्या वळनावर उतार लागला आनि आवाज आला — कसा सांगू, पत्र्याच्या डब्यात कुनी मूठभर खिळं फेकावंत तसा. चेन सुटली, म्होरल्या चक्रीत जाऊन गोळा झाली, आनि मागची दोन्ही चाकं एकदम जाम. मागं ह्या गाडीला एकच दांडा असतो न्हवं, दोन्ही चाकं एकाच येळी धरत्यात. उतारावर. गाडी आडवी झाली, उलटली, आनि पोरगं खाली. खुबा मोडला, मांडीत सळई घालावी लागली. आनि तुमी सांजच्याला पोलिसापुढं काय सांगितलं? पोरगं स्टंट करत व्हतं. पावन्यांम्होरं शायनिंग मारत व्हतं, म्होरची चाकं उचलत व्हतं. यशराज! ज्यानं कधी पावन्याला जोरात पळू दिलं न्हाई! पहाटं चारला उठून भरतीसाठी रस्त्यानं धावायचा तो, आमच्या दारावरनं जायचा, फौजी खाटेवर पडल्या पडल्या पायांच्या आवाजावरनं सांगायचे — आज येग वाढलाय गड्याचा. पुढच्या महिन्यात भरती व्हती त्याची. आता एका पायानं वढत चालतोय.

व्हय, जोरात बोलते. आयकू द्या की रस्त्यावरच्यांना.

आता कड्या मोजायच्यात, मधी बोलू नगा. जुनी चेन नवीशेजारी लावून मापायची न्हाई, जुनी लांबल्याली असती, फसवती. कड्या मोजून घ्यायच्या. दोन, चार, सा, आठ, धा, बारा, चवदा — काय? सरकारी कागदावर तसंच लिवलंय? लिवलंय की! तुमी सांगितलं तसं लिवलंय! कागद काय सोता पठारावर गेला व्हता बघाय? तुमी सांगितलं, आनि मला इचारलं, बाई, तुमी मेकॅनिक, गाडी ठीक व्हती का, तर मी म्हनलं —

गेली मोजनी. परत पयल्यापास्नं.

मी म्हनलं, व्हय, ठीक व्हती. झालं समाधान? म्हनले मी. बघू नगा असं. तुमी स्टंट म्हनला, मी ठीक व्हती म्हनले, दोगांचं जुळलं, आनि मधी ते पोरगं. दोन, चार, सा.

ती धोंडूबाई, त्याची आय, परवा आली व्हती हितं. नाचनीचं पीठ घिऊन. म्हनली, मंगल, तू माझ्या लेकराला पिकअपमदी घालून दवाखान्यात न्हेलंस, तू व्हतीस म्हनून जिता ऱ्हायला. पिशवी माझ्या हातात दिली. आनि मग म्हनती — म्या रोज त्याला बोलते गं, शानपना करायला गेलास, भरती घालवलीस, माझी म्हातारपनाची काठी मोडलीस. रोज बोलती ती त्याला. जेवताना बोलती. तुमी उठवल्याली गोष्ट ती रोज त्याच्या ताटात वाढती, दादा. आनि पोरगं उलट बोलत न्हाई. मी गेले व्हते बघाय, तर मला हळूच इचारलं त्यानं, आय चुलीकडं व्हती तवा — “काकी, मी खरंच रेस जास्त दिली व्हती का? मला काय आठवत न्हाई.” बघा. त्याला सोतालाच वाटाय लागलंय. आठ महिनं. आनि मी काय सांगितलं त्याला? मी म्हनले, जेव तू, गार व्हतंय.

हिकडं या. उठा. ह्या गाडीवर बसा. आवं बसा, फोटो काडत न्हाई तुमचा! वजन पडल्याशिवाय चेनची ढिलाई कळत न्हाई. तशीच आवळली आनि मग मानूस बसला की ती तानून तुटती, लय ढिली ठेवली तर उतरती. हां. आता दोन बोटं वर-खाली हालती, बास. एक्सलचे नट मी आवळते, तुमी हालू नगा. ह्या गाडीवर आता यशराजच्या जागी प्रांजल बसती न्हवं? ईस वर्साची पोर. कॉलेजची फी म्हनून करती म्हनं. तिला म्हाईत हाय का तुमी तिच्याखाली मोटारसायकलची चेन घालनार व्हता?

आता ह्यो लॉक. नखाएवढा हाय, बघा. आख्खी गाडी ह्याच्यावर. चेनची दोन टोकं जोडली की वरनं ह्यो बसवायचा, पकडीनं दाबायचा, टक्कन बसतो. ह्याला एक बंद तोंड असतं आनि एक उघडं. बंद तोंड चेन पळती तिकडं पायजे. उघडं मागं. कुनी मला झोपेतनं उठवून इचारलं तरी सांगीन. फौजींनी पयल्या दिशी हेच शिकवलं — म्होरनं गवत, काटक्या, दगूड येत्यात, उघडं तोंड म्होरं असलं तर त्यात अडकून लॉक निगून जातो. ह्यात चुकायचं न्हाई, म्हनले. आनि अपघात झाला त्या राती मी घरी आले तर त्यांनी बाकी काय इचारलं न्हाई. खाटेवरनं एकच इचारलं — लॉकचं तोंड कुनीकडं व्हतं? मी म्हनले, बरोबर व्हतं. त्यांना दिसत न्हाई हो माझं तोंड. नुसता आवाज आयकत्यात. म्हनले, मग दुसरंच काय झालं आसंल.

ही पकड खाली ठेवते. थांबा जरा.

तुमच्या ट्रॅकचं पान हाय न्हवं मोबाईलवर, त्यावर माझा फोटो टाकलाय तुमी. त्याच दिवसाचा. कुनी पुन्याच्या बाईनं काडला, गवतात बसून चेन जोडताना. “आमच्या लेडी मेकॅनिक” लिवलंय खाली. किती जनांनी अंगठं दिल्यात. माझ्या भाचीनं दावला मला, कौतुकानं. आनि मी तो बोटांनी मोठा केला. मोठा केला, मोठा केला — आनि दिसलं. उघडं तोंड म्होरं. मी उलटा लावला व्हता, दादा. मी. तुमी उरका उरका करत व्हता, ऊन व्हतं, घाम डोळ्यात गेला व्हता, सगळं खरं हाय, पन हात माझा व्हता. एवढे दिस सगळ्या दुनियेम्होरं ते पडलंय आनि कुनाला दिसत न्हाई, कारन बघनारं कुनी बी लॉककडं बघत न्हाई.

काय शोधताय फोनमदी? सापडला? मोठा करा. अजून मोठा. हां, तेच.

हसताय? हसू आलं तुमास्नी? वाटलंच मला! आता मोकळं झाला न्हवं तुमी — बाईचा दोष, आपला न्हाई! आवं, नवा सेट घातला असता तर मला कड्या तोडून जोडायचीच पाळी आली न्हसती त्या उन्हात! माझा वाटा माझा, तुमचा वाटा तुमचा, एकानं दुसऱ्याचा फिटत न्हाई! आनि काय करताय — पुसताय? फोटो काडून टाकताय? माझ्यासाठी? मला वाचवायला? “ताई, तुमी बी गप, मी बी गप, झालं गेलं” — ऱ्हायलेच की गप! आठ महिनं गप ऱ्हायले, बघ काय झालं त्याचं! व्हय, आता तुला तू म्हनते. आरं पुस. माझ्या भाचीकडं हाय, माझ्याकडं हाय, आनि नसला तरी मला तोंड हाय. आय न्हाई का रं तुला? ती जेवताना असं बोलली तर घास उतरंल का तुज्या घशाखाली?

सर बाजूला, मधी येऊ नगो. काम अर्धं ठेवत न्हाई मी, शनवारी ती पोर बसंल ह्यावर. बघ हिकडं. न्हाई, डोळं उघडून बघ. बंद तोंड म्होरं, उघडं मागं. टक्क. आयकू आलं? चाक फिरव. परत फिरव. झालं.

पैसं ठेव तितं आनि जा. आनि हितनं म्होरं माझ्याकडं आनू नगो गाड्या, दुसरा बघ कुनी. फौजी शुक्करवारी येत्यात, त्यांना तोंडावर सांगीन, फोनवर न्हाई. पोलिसाला बी सांगीन, परत इचारायची वाट न्हाई बघत. पन पयलं धोंडूबाईकडं. दिस हाय अजून, चालत पोचते. काय म्हनंल? मला काय ठावं काय म्हनंल. दारातनंच हाकलंल. थोबाडीत मारंल. मारू दे. निदान सांजच्याला ताटावर त्याला ती काय बोलनार न्हाई.

चालू कर गाडी. बाजूला घे — शटर वढायचंय मला.