किमान जाडी

धाकटी : दादा, त्या बाई वेड्यांच्या डॉक्टर नाहीयेत. त्या करतात त्याला कर्जाचं समुपदेशन म्हणतात.

दादा : समुपदेशन नवराबायकोचं पटत नसलं की करतात. माझं तुझ्या वहिनीशी उत्तम चाललंय.

धाकटी : चाललंय, कारण तिला या तीन क्रेडिट कार्डांचा पत्ताच नाही.

दादा : हळू बोल. आणि त्या भट्टीपासून सरक. आत एका आजोबांसाठी बनवलेल्या दोन दाढा भाजतायत.

धाकटी : मला एकच कोडं पडलंय. दोन वर्षं तू दर महिन्याला पैसे भरलेस, एक तारीख चुकवली नाहीस. तरी मोठ्या कार्डावर तेव्हाही ऐंशी हजार होते आणि आजही ऐंशीच. असं कसं?

दादा : ते बँकेला विचार. बिलावर छापलेलं असतं, किमान इतके भरा. मी तितके भरतो.

धाकटी : किमान म्हणजे तुला काय वाटलं?

दादा : किमान म्हणजे बरोबर. दातांचे डॉक्टर चिठ्ठीवर दाताच्या कॅपची किमान जाडी लिहून पाठवतात. मी केसभरही जास्त ठेवत नाही. जास्त झाली की चावताना लागते, कॅप परत येते. वीस वर्षांत माझ्या किती परत आल्या, विचार कुणालाही.

धाकटी : म्हणजे तू बँकेचंही माप चोख सांभाळलंस.

दादा : हसू नकोस.

धाकटी : हसत नाहीये रे. बघ, गेल्या महिन्यात चार हजार भरलेस. त्यातले चोवीसशे नुसत्या व्याजात गेले.

दादा : सोळाशे तरी फिटले ना?

धाकटी : फिटले. आणि त्याच आठवड्यात तू त्याच कार्डावर सोळाशेची इस्त्री घेतलीस.

दादा : जुनी जाळत होती कपडे.

धाकटी : इस्त्रीचा दोष नाही. दर महिन्याला असंच काहीतरी निघतं. म्हणून म्हणते, एकदा त्या बाईंना भेट. त्या तिन्ही बँकांशी बोलतात, व्याज कमी करून मागतात, मग तू महिन्याला एकच हप्ता भरायचा. चारेक वर्षांत मोकळा.

दादा : आणि त्यांचं पोट कशावर चालतं?

धाकटी : मीही हेच विचारलं. पहिली बैठक फुकट. योजना घेतली तर महिन्याला थोडी फी. शिवाय बँकाही त्यांना काही देतात.

दादा : मग त्या बँकेच्याच झाल्या की.

धाकटी : मलाही तसंच वाटलं. पण त्यांनी हे न लपवता सांगितलं. दुसऱ्या एकाला फोन केला होता, तो म्हणाला निम्मं कर्ज माफ करून देतो, आधी आगाऊ पैसे भरा. ठेवून दिला फोन.

दादा : बँकांनी नाही म्हटलं तर?

धाकटी : माहीत नाही. लिहून ठेवते, विचारू. आणि कार्डं बंद होतील, हे आधीच ऐकून घे. पुढची काही वर्षं नवं कर्जही सहज मिळणार नाही.

दादा : तिन्ही बंद? भट्टी बिघडली तर मी काय करू?

धाकटी : तेही विचारू. आता त्यांचा हा फॉर्म. महिन्याला दूध?

दादा : लागतं.

धाकटी : किती पैशांचं?

दादा : अर्धा लिटर... की लिटर? पुढचं विचार.

धाकटी : गॅस. शाळेची फी. आईची औषधं.

दादा : तुला कॅपची जाडी विचारता येत नाही का?

धाकटी : दादा, यातलं काहीच माहीत नाही तुला?

दादा : सगळं तुझी वहिनीच बघते. अंदाजाने टाक काहीतरी.

धाकटी : अंदाजाने भरलं तर त्या हप्ताही अंदाजाने ठरवतील. दोन महिन्यांत तो चुकला की सगळं पाण्यात.

दादा : तिच्याशिवाय नाहीच होणार का हे?

धाकटी : आकडे तिच्याकडे आहेत. मी तरी कुठून आणू?

दादा : दे तो फोन. आणि तू मध्ये बोलायचं नाही.

(तो नंबर लावतो. हाताला लागलेलं दातांच्या साच्याचं ओलं प्लास्टर फोनला लागतं.)

वहिनी : बोला. डबा विसरलात ना आज?

दादा : डबा आहे. अगं, आपल्याला महिन्याला दूध किती लागतं? आणि गॅस? आणि बाकीचं सगळं?

वहिनी : आज हे कुठून सुचलं?

दादा : असंच. एका कागदावर लिहायचंय.

वहिनी : उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते. घरी या, नीट बसून सांगते.

दादा : हो. मलाही तुला बसूनच सांगायचंय.